विमानतळ आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे अधिकार

(पंचायत सदस्य, नगरपरिषदांचे अधिकारी व शिक्षक यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय मी निवडलेला नाही. तो एका सरपंचांनी निवडला. मागील वर्गाच्या वेळी चहापानाच्या सुट्टीत ते मला म्हणाले, "साहेब, आठवडेबाजाराची पावती ग्रामपंचायत फाडते, एस. टी. च्या थांब्याची शेड ग्रामपंचायत बांधते. मग गावच्या जमिनीवर विमानतळ झाला, तर त्यात ग्रामपंचायतीचा अधिकार कोणता?" मी त्यांना तेव्हा घाईघाईने "काही नाही" असे उत्तर दिले. घरी गेल्यावर ते उत्तर मलाच खटकू लागले. ते पूर्णपणे चूक नव्हते. परंतु पूर्णपणे बरोबरही नव्हते. त्या अर्धवट उत्तराची दुरुस्ती म्हणून आजचे हे भाषण आहे असे समजावे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. विमानतळ चालविणे हे मुळात नगरपालिकेचे काम आहे असे मानणारा एक मोठा देश या जगात आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बहुतेक मोठे विमानतळ शहरांच्या, जिल्ह्यांच्या (तिकडे ज्यांना 'काउंटी' म्हणतात त्यांच्या) किंवा या संस्थांनी मिळून स्थापलेल्या प्राधिकरणांच्या मालकीचे आहेत. लॉस एंजेलिसचा विमानतळ त्या शहराचा आहे, शिकागोचा ओ'हेर शिकागो शहराचा आहे. आपल्याकडे पाणीपुरवठा जसा नगरपरिषदेचा, तसा त्यांच्याकडे विमानतळ. हे कसे घडले, आणि त्यातून त्या शहरांच्या पदरात काय पडले, हे पाहिल्याशिवाय आपल्या सरपंचांच्या प्रश्नाचे मोल कळणार नाही.

१९२६ साली अमेरिकेच्या संघराज्य सरकारने हवाई वाणिज्याचा कायदा केला. आकाशातील मार्ग, त्यांवरील दीपस्तंभ, वैमानिकांचे व विमानांचे परवाने ही जबाबदारी वॉशिंग्टनने आपल्याकडे घेतली. जमिनीवरील विमानतळ मात्र बांधावयाचा नाही, असे त्याच कायद्याने ठरविले. त्यामागील विचार बंदराच्या धर्तीचा होता. समुद्रातील वाट सरकारने दाखवावी, धक्का ज्या शहराचा त्याने बांधावा. व्यापार हवा असेल तर शहर स्वतःहून धक्का बांधील, हा त्यामागचा हिशेब.

शहरे बांधावयास निघाली खरी. पण वाटेत कायद्याचा एक अडसर होता. अमेरिकेत नगरपालिकांच्या अधिकाराविषयी एक नियम प्रसिद्ध आहे. आयोवा राज्याचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८ साली तो मांडला, म्हणून त्यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्याचा आशय असा की, नगरपालिका ही राज्याच्या कायद्याची निर्मिती असून कायद्याने स्पष्टपणे दिलेले, किंवा त्यातून अपरिहार्यपणे निघणारे, तेवढेच अधिकार तिला असतात. शंका असेल तेथे अधिकार नाही असेच समजावयाचे. तेव्हा राज्यांना आपापले कायदे करून शहरांना विमानतळासाठी जमीन घेण्याचा, कर्ज उभारण्याचा व कर बसविण्याचा अधिकार द्यावा लागला. असे कायदे झाल्यावरही करदाते न्यायालयात गेलेच.

१९२८ साली सेंट लुईस शहराने विमानतळासाठी कर्जरोखे काढण्याचे ठरविले, तेव्हा एका करदात्याने दावा लावला. काही मूठभर धनिक आणि अविचारी माणसांच्या उड्डाणाच्या हौसेसाठी सर्वांच्या कराचा पैसा का खर्चावा, असा त्याच्या तक्रारीचा रोख होता. मिसूरी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातील युटिका शहराच्या प्रकरणात मुख्य न्यायाधीश बेंजामिन कार्डोझो यांनीही विमानतळ हे धक्का, पूल वा रस्ता यांच्यासारखेच शहराचे कार्य होय, असे ठरविले. विमान हे आज थोड्यांचे वाहन असले तरी उद्याचा विचार करून शहराने पुढे पाऊल टाकणे गैर नाही, ही त्या निर्णयामागची दृष्टी होती. मला स्वतःला सेंट लुईसच्या त्या करदात्याविषयी थोडी सहानुभूती वाटते. त्याचा दावा फेटाळला गेला, पण ज्या गावाला विमानात कधी पाय ठेवावयाचा नाही त्या गावाने काय म्हणून किंमत मोजावी, हा त्याचा प्रश्न अजून शिळा झालेला नाही.

अधिकार मिळाला, त्यामागोमाग उत्तरदायित्व आले. येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण आपल्या कामाचा धडा येथेच आहे.

नॉर्थ कॅरोलिना राज्यात ग्रीन्सबरोजवळ कॉझबी नावाच्या एका कुटुंबाची कोंबड्यांची शेती होती. शेजारी नगरपालिकेचा विमानतळ होता आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो लष्कराकडे भाड्याने होता. बाँबफेकी विमाने त्यांच्या जमिनीवरून अवघ्या ८३ फुटांवरून उतरत. कोंबड्या भयाने भिंतींवर आपटून मरत. अशा सुमारे दीडशे कोंबड्या गेल्या आणि धंदा बंद पडला. १९४६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, जमिनीचा मालक तो आकाशापर्यंतचा मालक, हा जुना सिद्धान्त विमानाच्या युगात टिकणार नाही. मात्र विमाने इतकी खालून आणि इतक्या वारंवार गेली की जमिनीचा उपभोगच अशक्य व्हावा, तर ते जमीन घेण्यासारखेच आहे आणि त्याची भरपाई दिली पाहिजे. त्या खटल्यात प्रतिवादी संघराज्य सरकार होते.

सोळा वर्षांनी, १९६२ मध्ये, हाच प्रश्न पिट्सबर्गजवळ निघाला. तेथील विमानतळ ॲलेघनी काउंटीच्या मालकीचा. ग्रिग्ज नावाच्या गृहस्थांचे घर धावपट्टीच्या रेषेत होते. उड्डाणाच्या वेळी विमाने त्यांच्या घरावरून ३० ते ३०० फुटांवरून जात. उतरण्याच्या ठरलेल्या वाटेची खालची कड त्यांच्या धुराड्यापासून जेमतेम ११ फूट वर होती. छताचा गिलावा निखळून पडे, घरात संभाषण अशक्य झाले होते. काउंटीचे म्हणणे असे की, उड्डाणाचे मार्ग आम्ही ठरवीत नाही. विमाने आमची नाहीत. विमानतळाच्या आराखड्याला संघराज्य सरकारची मान्यता आहे. न्यायालयाने हे ऐकून घेतले आणि भरपाई काउंटीनेच द्यावी असे ठरविले. विमानतळ कोठे बांधावयाचा, धावपट्टी किती लांब व कोणत्या दिशेची ठेवावयाची, आणि त्यासाठी किती जमीन व किती हवाई हक्क घ्यावयाचा, हे काउंटीने ठरविले; जमीन कमी घेतली असेल तर दोष तिचाच. पूल बांधावयाचा तर दोन्ही काठांची जमीन घ्यावी लागते, तसे विमानतळाला उतरण्याची वाटही विकत घ्यावी लागते, असा त्याचा अर्थ.

या निकालाचे पडसाद कॅलिफोर्नियातील बरबँक शहरात वेगळ्याच रीतीने उमटले. तेथील विमानतळ शहराचा नव्हता. तो लॉकहीड या विमाने बांधणाऱ्या कंपनीचा होता. नागरिकांच्या झोपेसाठी नगरपरिषदेने १९७० साली रात्री ११ ते सकाळी ७ या वेळेत जेट विमानांच्या उड्डाणास बंदी घातली. गंमत अशी की, या बंदीने नियमित वेळापत्रकातील एकच उड्डाण अडत होते: दर रविवारी रात्री साडेअकराचे. तरीही प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी नियम रद्द झाला. आकाशाचे नियमन संघराज्याचे आहे. प्रत्येक शहराने आपल्या घड्याळाप्रमाणे आकाश बंद केले तर देशाची वाहतूक चालणार नाही, असे बहुमताचे म्हणणे. कॉझबी, ग्रिग्ज आणि बरबँक हे तिन्ही निकाल न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनीच लिहिले, ही जाता जाता सांगण्याजोगी गोष्ट आहे.

त्या निकालात एक दार मात्र उघडे राहिले. नगरपालिका म्हणून पोलिसी अधिकाराने जे करता येत नाही, ते विमानतळाची मालक म्हणून करता येईल काय, याचा निर्णय न्यायालयाने दिला नाही. मग बरबँक, ग्लेन्डेल व पॅसाडेना ही तीन शहरे एकत्र आली, त्यांनी संयुक्त प्राधिकरण स्थापले आणि १९७८ मध्ये तो विमानतळ लॉकहीडकडून विकतच घेतला. आता मालक आपण, तेव्हा रात्रीची झोप आपली, असे त्यांना वाटले असेल. पण १९९० साली संघराज्याने विमानांच्या आवाजाविषयी नवा कायदा केला आणि मालकांच्या हातालाही बंधन घातले. या प्राधिकरणाने अनेक वर्षे अभ्यास करून रात्रबंदीची परवानगी मागितली. २००९ मध्ये ती नाकारली गेली.

याच्या जोडीला अनुदानाची बेडी आहे. १९४६ च्या कायद्यापासून संघराज्य विमानतळांना पैसा देऊ लागले आणि प्रत्येक अनुदानाबरोबर हमीपत्रे लिहून घेऊ लागले. विमानतळ सर्वांना सारखा खुला ठेवावा. त्याचे उत्पन्न, १९८२ च्या कायद्यानुसार, विमानतळावरच खर्च करावे. म्हणजे शहराने विमानतळाच्या नफ्यातून शाळा बांधावी म्हटले तर ते चालत नाही. शिकागोच्या महापौरांनी २००३ च्या मार्च महिन्यात एका रात्री बुलडोझर पाठवून सरोवराकाठच्या मेग्ज विमानतळाची धावपट्टी उखडून टाकली, उद्यानासाठी. उभी असलेली विमाने तेथेच अडकून पडली. आगाऊ सूचना न दिल्याबद्दल शहराला ३३,००० डॉलर दंड भरावा लागला आणि अनुदानातील १० लाख डॉलर परत करावे लागले. सान्ता मोनिका शहराने शहाणपणाचा, पण फार लांबचा रस्ता धरला. अनेक वर्षांच्या वादानंतर २०१७ मध्ये तडजोड झाली आणि ३१ डिसेंबर २०२८ नंतर आपला विमानतळ बंद करण्याची मुभा शहराला मिळाली.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत २९ व्या क्रमांकाची नोंद हवाई मार्ग, विमाने, हवाई वाहतूक यांविषयी आहे; आणि अमेरिकेने १९२६ साली जे मुद्दाम वगळले होते, ते म्हणजे विमानतळांची तरतूद, आपल्या नोंदीत स्पष्टपणे घातलेले आहे. त्यांचे नियमन व संघटनही तेथेच आहे. विमानविषयक १९३४ च्या अधिनियमाची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला आहे. विमानतळ बांधणे व चालविणे यासाठी १९९४ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेले भारतीय विमानतळ प्राधिकरण आहे.

स्थानिक संस्थांच्या बाजूने पाहिले तर ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने अकरावी व बारावी अनुसूची आली. अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत रस्ते, मोऱ्या, पूल, तरी, जलमार्ग व दळणवळणाची अन्य साधने आहेत. बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत वाहनतळ व बसथांबे आहेत. विमानतळ कोठेच नाही. शिवाय या अनुसूचींतील विषयही आपोआप मिळत नाहीत. राज्य विधिमंडळ कायद्याने अधिकार 'देऊ शकेल' अशी घटनेची भाषा आहे. न्यायाधीश डिलन यांना आपली ही रचना परकी वाटली नसती.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये ऐच्छिक कर्तव्यांच्या यादीच्या शेवटी सार्वजनिक सुरक्षितता, आरोग्य, सोय किंवा शिक्षण यांस पोषक अशा अन्य उपाययोजनांचे एक व्यापक कलम आहे. त्याचा आधार घेऊन एखाद्या महानगरपालिकेने विमानतळ काढावा काय? माझे मत असे आहे की, नुसत्या त्या कलमावर एवढा मोठा डोलारा उभारू नये. पण जमिनीची मालकी आणि आकाशाचे नियमन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्राचा परवाना घेऊन विमानतळ चालविण्यास केंद्रच लागते असे नाही, हे आपल्या राज्याने दाखवून दिले आहे. २००२ साली स्थापन झालेली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी ही राज्याची कंपनी आहे. काकडी येथील शिर्डी विमानतळ तिने बांधला आणि १ ऑक्टोबर २०१७ रोजी तो सुरू झाला. नवी मुंबई विमानतळात सिडकोचा २६ टक्के भाग आहे. लातूर, नांदेड, बारामती, यवतमाळ व धाराशिव येथील विमानतळ औद्योगिक विकास महामंडळाने २००९ मध्ये खाजगी कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले होते. म्हणजे संघसूचीतील विषय असूनही राज्याच्या कंपन्या व महामंडळे त्यात मालक, भागीदार आणि पट्टेदार झाली आहेत. या यादीत पंचायत कोठेच नाही. ती असते ती फक्त जमीन देणाऱ्याच्या जागी.

म्हणून माझे "काही नाही" हे उत्तर चालविण्याच्या अधिकारापुरते खरे होते. परंतु विमानतळ येण्यापूर्वी आणि आल्यानंतर काही अधिकार व काही कर्तव्ये पंचायतीकडे राहतातच.

पहिली बाब भूसंपादनाची. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांच्या मूल्यमापनाच्या वेळी पंचायतीशी विचारविनिमय बंधनकारक केला आहे, आणि अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेच्या पूर्वसंमतीची तरतूद आहे. मात्र महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ सारख्या राज्य कायद्याखाली संपादन झाले तर कार्यपद्धती निराळी असते. तेव्हा अधिसूचना हाती येताच तिचे शीर्षक वाचावे. कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या कलमाखाली, हे कळल्याशिवाय हरकतीची मुदत कळत नाही. आणि मुदत गेली की ग्रामसभेचा ठराव कितीही कळकळीचा असला तरी फाइलीत पडून राहतो. भाषणे भरपूर, पण विहित मुदतीत लेखी हरकत मात्र दाखल नाही, अशी प्रकरणे मी पाहिली आहेत.

दुसरी बाब जनसुनावणीची. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार व्यापारी वापराच्या विमानतळाला पूर्वमंजुरी लागते. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावा लागतो. शिक्षकांना माझी येथे विशेष विनंती आहे. हा सारांश गावात वाचून दाखविण्याचे काम आपल्याइतके चांगले कोणी करू शकणार नाही. ओढे वळविले जाणार आहेत काय, गावाच्या पाझर तलावाचे काय होणार, शाळा धावपट्टीच्या रेषेत येते काय, हे प्रश्न नकाशा पाहूनच विचारता येतात.

तिसरी बाब कराची. येथे गैरसमज फार आहेत. घटनेच्या अनुच्छेद २८५ अन्वये संघाच्या मालमत्तेवर राज्याचा वा स्थानिक संस्थेचा कर बसत नाही. पुण्याजवळचा लोहगाव विमानतळ मुळात हवाई दलाचा आहे, तेथील दलाच्या मिळकतीला हे संरक्षण आहे. परंतु शासनाच्या मालकीची कंपनी किंवा कायद्याने स्थापिलेले महामंडळ म्हणजे संघ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्सच्या आणि १९९९ मध्ये भारतीय अन्न महामंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले. म्हणून "सरकारी विमानतळ आहे, कर कसा लावणार?" असे कोणी म्हटले की ग्रामसेवकांनी गप्प बसू नये. मिळकत कोणाच्या नावे आहे, इमारत कोणाची आहे, दुकाने कोणाकडे पट्ट्याने आहेत, याचा उतारा मागवावा आणि त्यानंतरच आकारणीचा किंवा सूटीचा निर्णय व्हावा. मोकळी धावपट्टी आणि तिच्या कडेचे उपाहारगृह यांना एकच माप लागेल असे नाही.

चौथी बाब अधिकाराची कमी आणि कर्तव्याची अधिक आहे. विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून २० किलोमीटरपर्यंतच्या परिसरात इमारतींची व झाडांची उंची नियंत्रित करण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. त्यासाठी प्राधिकरण रंगांकित नकाशे तयार करते आणि बांधकाम परवानगी देणाऱ्या स्थानिक संस्थेने ते पाहूनच परवानगी द्यावयाची असते. परवानगी देऊन बसलेली इमारत नंतर अडथळा ठरली तर पाडण्याची नोटीस घरमालकाला येते, आणि तो आपल्याच दारी येतो. तसेच १९३७ च्या विमान नियमांनी विमानतळाच्या १० किलोमीटरच्या आत जनावरे कापणे, सोलणे व पक्ष्यांना आकर्षित करणारा कचरा टाकणे यांवर बंदी घातली. घारी व गिधाडे इंजिनात शिरल्याने काय होते ते सांगावयास नको. आपल्यापैकी किती नगरपरिषदांचे कचरा डेपो या वर्तुळात आहेत, याचा विचार मुख्याधिकाऱ्यांनी करावा. विमान चालविण्यात आपला हात नसला, तरी ते सुखरूप उतरविण्यात तो आहे.

ज्या सरपंचांनी प्रश्न विचारला होता ते आज मागच्या बाकावर बसलेले मला दिसत आहेत. त्यांच्या तालुक्याचा रंगांकित नकाशा मी सोबत आणला आहे. तो व्यासपीठाशेजारच्या टेबलावर पसरून ठेवतो. मधल्या सुट्टीत प्रत्येकाने आपले गाव त्यात शोधावे, त्यावर कोणता रंग आहे हे वहीत टिपून घ्यावे, आणि दुपारच्या सत्रात प्रश्न विचारावेत.